कौतिक मुऱ्हाळ्याची सुरत

कौतिकला स्वतःच्या घरात मिठाचा डबा सापडत नाही. खोटं वाटत असेल तर ताईबाईला विचारा. चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय तिने त्याच्याशी. पण हाच माणूस भुसावळच्या स्टेशनात डोळे बांधून सोडला असता, तरी बरोबर आपल्या गाडीच्या दारात जाऊन उभा राहिला असता. शाळेत तो गेला तो फक्त मास्तरांची म्हैस सोडवायला. पाटी वाचता येत नाही, आकडे मात्र ओळखतो. बाकी सगळा कारभार खुणांवर.

त्याच्या खुणा ऐकण्यासारख्या असत. जळगावला पुलाच्या उतरत्या जिन्याची तिसरी पायरी कोपऱ्यात तुटलेली आहे, तिथे उतरायचं, की सुरतेकडची गाडी. भुसावळला भज्यांचा वास डाव्या नाकपुडीत आला तर नागपूरकडे, उजवीत आला तर इटारसीकडे. मी विचारलं, "आणि सर्दी झाली असली तर?" तर म्हणाला, "नाना, सर्दी झाली की मी कोनी पोर आनाले जातच नही." धुळ्याचं स्टेशन तो स्टेशनात धरतच नसे. तिथे जो हरवेल, त्याला म्हणे घराबाहेर सोडूच नये.

आता पोरी आणायचं हे काय काम, ते सांगतो. आमचं गाव अमळनेरच्या अलीकडे, बोरीच्या काठाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात, आणि आम्ही पुरुषमाणसं पत्ते कुटतो. पण पोर आपली आपण येत नाही. तिला घ्यायला माहेरचा माणूस जावा लागतो. तो मुऱ्हाळी. त्याने जायचं, तिची पिशवी स्वतःच्या हाताने उचलायची आणि पुढे चालायचं. मग ती मागून निघणार. एकटी निघून आली तर सासरचे वर्षभर ऐकवतात, की हिला न्यायलाही कुणी आलं नाही. पूर्वी भाऊ जात. पुढे भाऊ नोकरीला लागले, कुणाला रजा नाही, कुणाला बायकोची परवानगी नाही. मग सगळ्या गावाच्या वतीने कौतिक जाऊ लागला. आखाजीच्या आधीचे आठ दिवस तो घरात दिसत नसे. उधना, सुरत, नंदुरबार, भडगाव, जळगावचं पिंप्राळा, जिथे म्हणून आमच्या पोरी दिल्या होत्या, तिथून त्या आणायच्या. एका आखाजीला तर त्याने सुरतेहून एकाच गाडीत सात पोरी आणि त्यांची अकरा लेकरं आणली. उतरल्यावर मोजली तर बारा भरली. बारावं शेजारच्या बाकावरच्या बाईचं निघालं. अमळनेर स्टेशनात ती बाई कौतिकला चप्पल घेऊन मारायला आली होती. मी तिथे नव्हतो, पण असतो तर याहून वेगळं सांगितलं नसतं.

एवढं सगळं असून कौतिकने स्वतःची बहीण कधी आणली नाही.

रत्ना त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, ऐन आखाजीच्या चार दिवसांत, पोरी झोक्यावर आणि आम्ही पत्त्यांवर असताना, ती घराच्या मागच्या दाराने निघून गेली. धुळ्याचा रुपचंद म्हणून एक यंत्रमाग चालवणारा पोरगा होता, जात वेगळी. दोघं सुरतेला गेले, लग्न केलं, तिथेच राहिले. बापाने कौतिकला देवासमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीस. बाप गेला, शपथ राहिली. घराचं मागचं दार कौतिकने विटांनी बुजवून टाकलं. आमच्याकडे तेव्हापासून कुणी लेकीबाळीला मागच्या दाराने ये म्हणालं, की म्हाताऱ्या कानावर हात ठेवतात.

मी त्याला चिडवायचो, नाही कशाला म्हणू. "कौतिक, तू म्हणजे गावाचा सुतार. सगळ्यांची दारं बसवतो, स्वतःचं दार बुजवतो." तो उठून जायचा. दुसऱ्या दिवशी परत ओट्यावर येऊन बसायचा.

यंदा चैत्रात मला सुरतेहून फोन आला. "मी कुंदन, रत्नाबाईंचा मुलगा." सुरतेत आमच्या गावची पोरं आहेत, त्यांच्याकडून त्याने माझा नंबर मिळवला होता. रुपचंद जाऊन सहा वर्षं झालेली. रत्नाला यकृताचं दुखणं, पोटात पाणी होतं, पाय सुजतात. डॉक्टरने पावसाळ्यापुढचं काही बोलायचंच टाळलं. मग फोन रत्नाने घेतला. एक्केचाळीस वर्षांनी आवाज ऐकला, पण जीभ तीच.

"नाना, जित्ता शेतस का अजून?"

"तुझ्या वाट्याचं गाव मीच खातोय," मी म्हणालो.

"दादाला सांगा, त्याची शपथ माझ्या उंबऱ्याची. स्टेशनला कुठे उंबरा असतो? त्याने घरी येऊच नये. सुरतेच्या स्टेशनावर यावं, माझी पिशवी उचलावी. एकदा. मी बाजूच्या चार बायांना सांगून निघेन, की मला न्यायला माहेरचं मूळ आलंय."

बोलता बोलता ती थांबली, धाप लागली. मग म्हणाली, "झोक्यावर काही मी बसत नही आता. नुसता पाहायचाय."

मी कौतिकला सांगितलं. तो उठून गेला आणि दोन दिवस ओट्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी ताईबाई आमच्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "नाना, त्यांनी मागची खोली सारवायला सांगितली." मला एवढं पुरलं. दुपारपर्यंत गावाला कळलं. कुणी कळवलं ते विचारू नका. आखाजीच्या आदल्या दिवशी तिच्यासाठी कौतिकच्या दारातल्या निंबाला झोका बांधला गेला, बायांनी गीतं ठरवली, आणि जिने रत्नाला कधी पाहिलंही नव्हतं, ती पुनम, सरपंचाची सून, आत्याबाईंना ओवाळायला म्हणून ताट घासून बसली.

कौतिक त्याच दिवशी पहाटेच्या गाडीने निघाला होता. सोबत कुणी नको म्हणाला. "सुरतनं स्टेशन मन्हा हातनं शे," म्हणाला. त्याच्या नातीने, हेमांगीने, त्याच्या फोनात एकच सोय करून दिलेली होती: एकचा आकडा दाबून धरला की माझा फोन वाजायचा.

साडेदहाला वाजला.

"नाना, उतरनू. पन आठे तं बठ्ठं बदली गयं शे."

त्याच्या सुरतेच्या खुणा होत्या त्या अशा: उतरलं की केळीवाल्याची गाडी, तिथून लोखंडी पूल, पुलाखाली वजनाचं दिव्यांचं यंत्र, यंत्राला पाठ केली की समोर बाहेरचं दार. आता केळीवाला नव्हता. यंत्र नव्हतं. नवं बांधकाम निघालेलं, जिकडेतिकडे निळे पत्रे ठोकलेले, आणि पत्र्यांच्या मधून माणसांचा लोंढा. लोंढा जाईल तिकडे तो गेला आणि सरकत्या जिन्यापाशी आला. त्यावर पाय ठेवायची त्याची छाती होईना. मागची माणसं ओरडायला लागली. तो बाजूला झाला, साधा जिना शोधत फलाटाच्या टोकापर्यंत गेला, तिथून वर चढला, तर पूल दोन बाजूंना फुटलेला. वास घेऊन पाहिला. सिमेंटचा येत होता. एका बाईला विचारलं, ती ओडिशाची. एका हमालाला विचारलं, त्याने विचारलं, "काका, कौनसी साइड?" आता कौतिकच्या हिशेबात स्टेशनाला घरासारखं एक तोंड असतं. बाजू कसली?

तासाभराने तो बाहेर निघाला तो समोरच्या अंगाला, बसगाड्यांचा आणि रिक्षांचा कलकलाट होता तिथे. जुनी कमान नव्हती, पण ऊन ओळखीचं वाटलं म्हणे. तिथे भिंतीच्या सावलीला बसला. मी कुंदनला दिवस आणि गाडी कळवली होती, पण रत्ना कुठे येणार ते ठरवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. स्टेशनावर म्हणजे दारात. माहेरवाशीण दुसरीकडे कुठे उभी राहणार?

रत्ना राहते लिंबायतला, म्हणजे रुळांच्या पलीकडच्या अंगाला. तिकडून रिक्षा करून आलं की माणूस उतरतो तो पूर्वेच्या बाजूला. तिकडेही तिकिटाची खिडकी आहे, तिकडेही दार आहे. कुंदनने सकाळी सातला तिला तिथे आणलं, खिडकीजवळच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली आणि पिशवी शेजारी ठेवली, आणि तो कारखान्यात गेला. त्यांच्या खात्यात फोन आत नेऊ देत नाहीत, सुपरवायझरच्या पेटीत ठेवावा लागतो, रात्री आठला परत मिळतो. रत्नाकडे फोन नव्हता. पायांना सूज, पूल चढणं तिच्याने होण्यासारखं नव्हतं. आणि ती उठणारही नव्हती. मुऱ्हाळी येऊन पिशवी उचलेपर्यंत पोरीने जागचं हलायचं नसतं, हे तिला एक्केचाळीस वर्षांत सुरतेने विसरू दिलं नव्हतं.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ओट्यावर बसून कुंदनचा फोन लावत होतो आणि तो वाजून वाजून गप्प होत होता.

एक वाजता कौतिकचा दुसरा फोन आला. आवाज कोरडा पडलेला.

"ती काई उनी नही, नाना."

"तू कुठे आहेस?"

"समोरना दारले. बठेल शे."

"अरे, त्या स्टेशनाला पलीकडूनही दार आहे ना?"

तेव्हा ओट्यावर माझ्याभोवती दहाबारा जण बसले होते. पत्ते वाटलेले, सगळ्यांचे कान फोनकडे. आणि माझी जीभ ही अशी. समोर माणसं असली की तिला वाटतं, आपला खेळ चाललाय. मी म्हणालो, "पलीकडे जाऊन बघ लेका. मागच्या दाराची सवय तिला पहिल्यापासून आहे!"

ओटा हसला. ते हसणं फोनातून त्याच्यापर्यंत गेलं.

 मग कौतिक म्हणाला, "मागला दारथून गयेल पोरले मी मागला दारथून आनू का? समोरथूनच आनसू." आणि फोन बंद. बंद म्हणजे बंदच. नंतर मी वीस वेळा लावला. पत्ते कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

साध्या आवाजात सांगितलं असतं तर तो गेला असता. हमालाच्या मागे मागे पूल ओलांडून गेला असता, कुरकुरत का होईना. एका खुणेची गरज होती त्याला, आणि ती मी त्याला टोमण्यात गुंडाळून दिली.

तो पाच वाजेपर्यंत समोरच्या दारात बसला. जागेवरून उठला नाही. उठलो आणि ती तेवढ्यात आली तर, म्हणून. पाणीसुद्धा प्यायला गेला नाही. रत्ना पलीकडे चार वाजेपर्यंत बसली. मग शेजारी बसलेल्या रईसा नावाच्या एका बाईने, जी आपल्या जावयाची वाट बघत होती, तिला रिक्षात घालून दिलं. दोघांच्या मध्ये चार फलाट आणि एक पूल.

कौतिक रात्री घरी आलाच नाही. अमळनेर स्टेशनातच बसून राहिला आणि आखाजीच्या सकाळी पहिल्या एसटीने आला. दारात बाया जमल्या होत्या, पुनम ताट घेऊन. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. ताईबाईला एवढंच म्हणाला, "नही उनी." मग विळा घेऊन निंबावर चढला आणि झोका कापून टाकला. सहासष्ट वर्षांचा माणूस. 

मी तोवर कुंदनशी बोललो होतो, पण बायांना काही सांगितलं नव्हतं. रात्री आठला त्याने फोन उचलला, तेव्हा आम्हा दोघांच्या तोंडून एकाच वेळी तेच निघालं: "अरे, कुठे होते तुम्ही?"  झोका कापल्यावर मी कौतिकच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. पलीकडचं दार, तो बाक, चार वाजेपर्यंत. माझ्या टोमण्याबद्दल मात्र मी बोललो नाही, तोही बोलला नाही. त्याने विचारलं ते एवढंच, की त्या बाकाला सावली होती का.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं सुरतेला गेलो. शपथेचा विषय निघाला नाही. मला वाचता येतं. मी पाट्या वाचत पुढे, तो मागे. सरकत्या जिन्यावर मी त्याचा हात धरला. समोरच्या दारातून पूर्वेच्या दारात जायला आम्हाला किती वेळ लागला असेल? दोन म्हातारे, एकाचा गुडघा गेलेला, तरी सात-आठ मिनिटं. बाक सापडला. कौतिक त्यावर बसला, हाताने फळी चाचपली. समोर निळे पत्रे. तिथून पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"चल," मी म्हणालो.

"थांब जराक," तो म्हणाला. बराच वेळ बसला.

लिंबायतला कुंदन दारातच उभा होता. कौतिक उंबऱ्याशी आला, क्षणभर थांबला, आणि आत गेला. रत्ना खाटेवर उशीला टेकून होती. हात काड्या, पाय सुजलेले, पोट फुगलेलं, रंग हळदीचा. तिने पाहिलं, पदर सारखा केला.

"कुंदन, मामाले पानी दे."

कौतिक पाणी प्यायला. एक्केचाळीस वर्षं आत साठलेलं माणूस कसं बोलेल, याची मी गाडीत कल्पना करत आलो होतो. तो बोलला ते सगळं स्टेशनाबद्दल. केळीवाला नव्हता. यंत्र नव्हतं. पूल दोनकडे फुटलेला. मी समोरच्या दारात होतो, सकाळपासून, पाच वाजेपर्यंत. तू इकडे होतीस, मी तिकडे. हाताने दाखवत होता: हा रूळ, हा पूल, ही तू, हा मी. खाटेच्या गोधडीवर त्याने पूर्ण स्टेशन काढलं.

रत्ना ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती, लहान पोर खोटं बोलताना आपण जसं हसतो, तसं.

"दादा, राहू दे. तू उना व्हशी. मी खोटं म्हणत नही. आलास, लांबून मला पाहिलंस, आणि पाय पुढे पडला नसेल तुझा. मग फिरी गया व्हशी." तिने दम घेतला. "तुझं काय चुकलं? चाळीस वर्षांची सवय एका दिवसात कशी मोडेल? मी त्या बाकावर बसूनच तुला माफ करून टाकलं. जेवून जा."

"मी दखं नही तुले!" कौतिक ओरडला. "समोरना दारले होतू मी!"

"बरं," ती म्हणाली.

मग मी पुढे झालो. "रत्ना, माझं ऐक. मी साक्षीदार आहे. तो तिथेच होता. त्याला पलीकडे जाऊ दिलं नाही ते मी. माझ्या जिभेने." आणि मी ओट्यावरची सगळी हकीकत सांगितली, हसणाऱ्यांच्या नावांसकट. आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षर वाढवलं नाही.

ती माझ्याकडे बघून मात्र खरोखर हसली, धाप लागेपर्यंत. "नाना, त्या अमळनेरच्या चपलेवाल्या बाईची गोष्ट सुरतेपर्यंत आली होती. त्या बाईला दाढी होती असंही तुम्ही एकदा सांगितलं होतं म्हणे. दादाला वाचवायला तुम्ही काय रचणार नाही?"

 सत्तर वर्षं मी गावाला गोष्टी पुरवल्या. माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा अशी वेळच येऊ दिली नव्हती.

कौतिक उठला. भिंतीच्या खिळ्याला तिची पिशवी टांगलेली होती, तीच, त्या दिवशीची, अजून न सोडलेली. त्याने ती काढली आणि खांद्याला लावली. "चाल. आते चाल. कुंदन, रिक्षा आन."

कुंदनने आईकडे पाहिलं. ती नुसती मान हलवत होती. "आखाजी व्हयी गयी दादा. गावातल्या पोरी पण परत गेल्या असतील सासरी. आता कोणत्या तोंडाने येऊ?" तिला उठून बसताही येत नव्हतं, हे तिने सांगितलं नाही, ते आम्हाला दिसत होतं. "दिवाळीले ये. दिवाळीचं मूळही मूळच असतं."

"येसू," कौतिक म्हणाला.

कुंदन खाली मान घालून दवाखान्याच्या कागदांची पिशवी उगाच नीट करत होता. कौतिकने तिची पिशवी परत खिळ्याला अडकवली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. आम्ही भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. कुणी कुणाच्या ताटाकडे पाहिलं नाही.

आषाढ संपायच्या आत ती गेली. तोवर मी कुंदनला चार वेळा फोन केला, आणि दोनदा तिने स्वतः घेतला. दोन्ही वेळा मी तिला तीच हकीकत पुन्हा सांगितली, अगदी सरळ, पलीकडचं दार, माझा टोमणा, पाच वाजेपर्यंत. ती शेवटपर्यंत ऐकायची, मध्ये हुंकार द्यायची. दुसऱ्या वेळी तर आवाज इतका बारीक झाला होता, की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"नाना," ती म्हणाली, "ही गोष्ट तुम्ही सगळ्यात चांगली रचलीत."